दोन श्रावणांचं साल

सासुरवाडीहून धोंड्याचं बोलावणं आलं की जावई माणूस मिशीला पीळ भरतो. पुरणाचे धोंडे, ताट भरून अनारसे, दिव्याचं वाण, डोक्याला नवा पटका आणि सगळं घर पुढंपुढं करायला. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, आणि तेवढ्या दिवसांपुरता जावई म्हणजे साक्षात नारायण. मला हुपरीहून असंच बोलावणं आलं, आणि ते ऐकून मी खानावळीच्या उंबऱ्यावर मटकन बसलो.

निरोप घेऊन आलेला गडी माझ्या सासऱ्यांच्या शेजारचा. पैंजणांची थैली सराफाकडं पोचती करून तो आमच्याकडं जेवायला आला होता. रश्श्यात भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाला, "सासूबाईंनी सांगावा धाडलाय. धोंड्याला दोघंबी या." मी सहज विचारलं, यंदा अधिक महिना कुठला. "श्रावण की," तो म्हणाला. "औंदा दोन श्रावण हायत. ठावं न्हाय व्हय, पावणं?"

मला ठावं नव्हतं. पंचांग बघणं हे मी कधी माझं काम मानलंच नव्हतं. सण जवळ आला की बायको सांगायची, अमावस्या आली की गिऱ्हाइकं सांगायची, आणि तेवढ्यावर माझं भागत होतं.

ज्यांनी कधी मटणाची खानावळ चालवली नाही त्यांना यात रडण्यासारखं काय, ते कळायचं नाही. म्हणून सांगतो. ही गोष्ट महाराजांच्या कारकिर्दीतली. गंगावेशीजवळ आमची खानावळ होती. ओटा, त्याच्या आत पंगतीची खोली, मागं चूल. येणारे सगळे घराबाहेर पडलेले पुरुष: गुळाचे आणि भाताचे गाडीवान, कोर्टकचेरीला आलेले खेडूत, जवळच्या तालमीतली माणसं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी, भात. आखाडात तर पंगतीवर पंगत उठायची, कारण पुढं श्रावण. श्रावण लागला की एवढं मोठं खाणारं कोल्हापूर एका दिवसात गळ्यात माळ घातल्यासारखं वागायला लागायचं. त्या महिन्यात मटणाची खानावळ बंद. आखाडात जे मिळवायचं ते श्रावणात बसून खायचं, हा धंद्याचा नियम. सगळं गणित एका श्रावणाचं. दोन श्रावण कुठल्याच गणितात बसत नव्हते.

बरं, आखाडातली मिळकत तरी गाठीला असावी. तीही नव्हती. आदल्याच आठवड्यात मी एक मोठा तांब्याचा हंडा विकत घेतला होता. असा की त्यात लहान पोर उभं राहावं. चार माणसांत तो दाखवून मी मिशीवरून हात फिरवला होता, बायकोनं मात्र तोंड वाकडं केलं होतं. ती म्हणाली होती की श्रावण सरल्यावर घेतला असता तर हंडा काय पळून जाणार होता? मी तिच्यावर खेकसलो होतो. आता तो हंडा कोपऱ्यातून माझ्याकडं बघत होता. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण मी शंभरदा ऐकली होती, पण तेरावा महिना खरोखरीच दारात येऊन उभा राहतो हे तेव्हा कळलं.

तरीही मला थोडी आशा होती. अधिक श्रावण म्हणजे खरा श्रावण नव्हेच, असं म्हणणारे पेठेत पुष्कळ होते. खरा तो पुढचा, निज. अधिकात खाल्लं म्हणून काय बिघडतं, असं ते ओट्यावर बसून तावातावानं सांगत. मी त्यांना पान देत होतो, सुपारी देत होतो, हो ला हो करत होतो. पण पहिला घास कोण खाणार? प्रत्येक जण म्हणे, तो खातो का बघू, मग मी खातो. कुणीच खाल्लं नाही. तोंडानं सगळे धीट आणि हातानं सगळे भित्रे. माझी सुपारी तेवढी संपली.

जागेचे मालक मागच्या बोळात राहत. माणूस वाईट नव्हता, पण चहाचं वेड नुकतंच शहराला लागलं होतं आणि एक चहावाला त्यांच्याकडं रोज येऊन बसत होता. तो जास्त भाडं द्यायला तयार, वर त्याला श्रावण नाही, आखाड नाही, बारा महिने उकळतच असतो. मालकांनी मला सरळ सांगितलं: भाडं थकलं तर गणपतीच्या आधी जागा मोकळी करायची. जागा गेली म्हणजे आम्ही कसबा बावड्याला थोरल्या भावाच्या शेतावर. मी खानावळ काढली तेव्हा भाऊ म्हणाला होता, आपल्या घराण्यात कुणी परक्याची खरकटी उचलली नव्हती. त्याच्या दारात वळकटी घेऊन उभं राहायचं, या विचारानं माझं अन्न गोड लागेना.

धोंड्याला गेलो ते मनात एकच ठरवून. सासऱ्यांना एकटं गाठायचं आणि मदत मागायची. त्यांच्या घरी चांदीची ठोकठोक दिवसभर चालायची, हातात चार पैसे खेळते असत. पण जावयाला एकटं सोडतंय कोण? पाटावर बसवलं, ओवाळलं, पाय धुतले. सासूनं स्वतःच्या हातानं अनारसा माझ्या तोंडात घातला. सासरे हात जोडून समोर उभे. ज्यांनी मला नारायण करून पाटावर बसवलं त्यांच्यापुढं हात पसरायचा कसा? मी दोनदा घसा खाकरला. सासूला वाटलं अनारसा अडकला, तिनं पाणी दिलं. ते प्यालो आणि दुसरा अनारसा उचलला.

परतताना गाडीत मी बायकोवर उगीचच चिडलो. तिच्या माहेरचे बैल सुद्धा हळू चालतात असं म्हणालो. तिनं एकदा बैलांकडं बघितलं. मग म्हणाली, "मटान बंद हाय म्हणून लोकांची पोटं बी बंद झाल्यात व्हय?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"त्यो गाडीवान चिरमुरं खाऊन झोपतोय. तालमीतलं वस्ताद दुधावर हायत. त्यास्नी भूक मटनाची न्हाय लागली. रश्श्याची लागलीया."

मी हसलो. मटणाविना पांढरा रस्सा म्हणजे नवरदेवाविना वरात. पण ती ऐकणारी नव्हती. घरी आल्यावर तिनं मटणाची सगळी भांडी घासून, आढ्याच्या कड्यांना पालथी टांगली. माझा हंडाही टांगला असता, पण तो वर जाईना. कुंभाराकडून नवी कोरी गाडगी आणली, मागं पडवीत नवी चूल घातली, पाटा-वरवंटासुद्धा शेजारणीचा मागून आणला. जुन्या चुलीला ती शिवली नाही. मी म्हटलं, एवढं सोवळं कुणाला दिसणार आहे? ती म्हणाली, आपल्याला दिसतंय की.

रश्श्याला अंग कशानं येणार हा प्रश्न होता. तो शाहूवाडीकडच्या आमच्या एका गाडीवानानं नकळत सोडवला. जेवणाच्या पैशाऐवजी तो पोतंभर आठळ्या टाकून गेला. फणसाच्या आठळ्या, उन्हाळ्यात वाळवून राखेत ठेवलेल्या. मी त्याला शिव्या घालणार होतो, पैसे मागितले तर बिया देतोस म्हणून. बायकोनं मात्र पोतं उघडून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. तिनं आठळ्या निखाऱ्यात भाजल्या, सोलल्या, थोड्या वाटल्या, थोड्या नुसत्या ठेचल्या. खोबऱ्याचं दूध, तीळ, खसखस, लवंग, मिरी. वरून तुपाची फोडणी. मी वाटीभर प्यालो. मग आणखी वाटीभर प्यालो, आणि तिला काही न बोलता बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कौतुक करायची मला सवय नव्हती.

आमची पंगत कशी चाले ते इथं सांगायला हवं. चुलीची जागा आणि पंगतीची खोली यांच्यामध्ये दाराला पडदा होता. बायकोच्याच एका जुन्या हिरव्या लुगड्याचा. धुऊन धुऊन तो सायीसारखा मऊ झाला होता. आमच्यात बाईमाणूस परक्या पुरुषांसमोर येत नसे. ती पडद्याआडून वाटी पुढं करी, मी ती घेऊन वाढी. गिऱ्हाइकांनी तिचा हात आणि बांगड्या तेवढ्या बघितल्या होत्या. तिचं तोंड कुणी बघितलं नाही, याचा मला अभिमान वाटे. घराण्याचं नाव मी निदान तेवढ्या पडद्यानं तरी राखलं आहे, असं मी भावालाही एकदा ऐकवलं होतं.

वस्ताद पहिल्या दिवशी जेवायला आले आणि माझा जीव भांड्यात पडला. वस्ताद म्हणजे जवळच्या तालमीतले. बायको वारलेली, तालमीतच राहायचे, आमच्याकडं जेवायचे. ते जिथं बसतील तिथं चार माणसं येऊन बसत. अधिक-निज असला वाद त्यांच्यापुढं कुणी काढत नसे. प्लेगच्या साली त्यांची एकुलती एक पोर आजारी पडली होती, तेव्हा त्यांनी जन्मभर श्रावण पाळायचा नवस बोलला होता. पोर जगली. आता ती कसबा बावड्याला सासरी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. वस्ताद त्या साली दोन्ही श्रावण पाळत होते आणि कुणी त्यांना अक्कल शिकवली नाही.

वस्तादांनी रस्सा चाखला, मान डोलावली, पुन्हा मागितला. दुसऱ्या दिवशी चार माणसं आली, मग आठ, मग ओट्यावर माणसं थांबू लागली. मी भाड्याचे पैसे वेगळे काढून ठेवायला लागलो. बायकोला मी एकदा म्हणालोही, की तुझ्या माहेरचे बैल तसे काही अगदीच हळू नाहीत. ती हसली. इतके दिवस चूल थंड राहील या धास्तीनं मला झोप नव्हती, ती आता लागायला लागली.

आणि मग एका दुपारी वस्तादांचा हात वाटीतच थांबला.

त्यांनी तोंडातला घास हळूच हातावर काढला. अर्धवट ठेचलेली आठळी असावी, मऊ, करडी, मटणातल्या काळजाच्या तुकड्यासारखी. ते तिच्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पंगत थांबली. ते माझ्याशी बोललेच नाहीत, पडद्याकडं बघून म्हणाले, "बाई, ह्यात काय घातलंयस?"

आतून बायको म्हणाली, आठळ्या आहेत, वस्ताद.

"जलमभर मटान खाल्लंय म्या," ते म्हणाले. "मला शिकवू नगंस."

ते उठले. चूळ भरली, पुन्हा भरली, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तडक पंचगंगेवर गेले. नदी फुगलेली, तरी त्या गढूळ पाण्यात त्यांनी डोकं बुडवलं, असं बघणाऱ्यांनी सांगितलं. पंगतीतले बाकीचेही उठले. भरल्या वाट्या तशाच राहिल्या. दिवस मावळायच्या आत अख्ख्या पेठेत झालं की आम्ही श्रावणात लोकांना मटण चारलं.

मला राग आवरेना. ज्या रश्श्यात मटण नाही म्हणून मी हसलो होतो, त्यातच मटण आहे म्हणून लोक मला बुडवायला निघाले होते. चांगलं केलं हाच गुन्हा. वाईट केलं असतं तर एकानंही संशय घेतला नसता. मी तसाच उठलो आणि आमच्या मटणवाल्या मुलाणी चाचांकडं गेलो. चाचा रिकाम्या दुकानात बसून पंख्यानं माशा हाकत होते. श्रावणात त्यांचीही हीच दशा, आणि यंदा दुप्पट. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि माझ्याबरोबर चालायला लागले.

ओट्यासमोर माणसं जमलीच होती. मालकही येऊन उभे होते, त्यांच्या मागं तो चहावाला. वस्ताद समोरच्या पारावर ओल्या कपड्यांत बसले होते. चाचांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, की अमावस्येपासून या माणसानं माझ्याकडून एक तोळा मटण नेलं नाही. नेलं असतं तर मी दिवसभर माशा का मारल्या असत्या? दोघं-चौघं हसले. पण लगेच कुणी तरी म्हणालं, तुमच्याकडून नसेल नेलं, दुसरीकडून आणलं असेल. चाचांनी कपाळाला हात लावला. मालक माझ्याकडं बघून हळूच म्हणाले की उद्या सकाळी येऊन बोलू. काय बोलणार ते मला कळलं, चहावाल्यालाही कळलं.

तेवढ्यात मागून बांगड्यांचा आवाज आला. मी वळून बघितलं तर बायको पडद्याच्या बाहेर. डोक्यावर पदर, काखेत पाटा, हातात वरवंटा. मी आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. दातओठ खात हळूच म्हणालो, आत जा. ती म्हणाली, आत बसूनच हे झालंय. आणि माझ्या बाजूनं जाऊन तिनं ओट्यावर पाटा ठेवला. मग पुन्हा आत गेली आणि कोरं गाडगं, आठळ्यांचं पोतं, खोबरं, खसखस, एकेक करून सगळं बाहेर आणून मांडलं. तीन विटा मांडून चूल केली. ओल्या लाकडांचा धूर तिच्या डोळ्यांत जात होता. अख्खी पेठ तिच्याकडं बघत होती. मला वाटलं, आता बावड्याला भावाच्या दारातसुद्धा उभं राहता येणार नाही.

ती पारासमोर जाऊन उभी राहिली.

"वस्ताद, उठा," ती म्हणाली. "भाजायचं तुमी, वाटायचं तुमी, शिजवायचं बी तुमीच. मी हात लावणार न्हाय. निस्तं बसून सांगणार."

वस्ताद हलले नाहीत. मला वाटलं, आता हा माणूस हिला काही तरी बोलणार आणि मला त्याच्या अंगावर धावून जावं लागणार, आणि तो मला एका हातानं उचलून मोरीत टाकणार. पण ते उठले. ओट्यावर मांडी घातली. ज्या हातांनी त्यांनी भल्याभल्यांच्या पाठी जमिनीला लावल्या त्या हातात वरवंटा आला, आणि तो धरायचा कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्याच रेट्याला अर्धं खोबरं ओट्याखाली गेलं. बायको शांतपणे म्हणाली, जोर लावू नका, वस्ताद, वरवंटा आपण होऊन जातो. गर्दीत कुणी तरी फिदी फिदी हसलं. वस्तादांनी नुसतं वर बघितलं, आवाज थांबला.

आठळ्या त्यांनी निखाऱ्यात घातल्या, भाजल्या, बोटं पोळत सोलल्या. एक कच्चीच दाताखाली धरून बघितली. गाडग्यात पाणी घातलं ते स्वतः आडावरून शेंदून आणलेलं. बायको चार हात लांब बसून सांगत होती आणि ते एखाद्या नव्या पोरासारखं ऐकत होते. मधूनच ते वरवंटा थांबवून डोळे मिटत. बघणाऱ्यांना वाटलं असेल वाटून वाटून दमले. मी जवळ होतो, मला ते तसं वाटलं नाही. त्या रश्श्यात जर ती चव आली नसती तर त्यांच्या लेखी त्यांचा श्रावण मोडला होता, आणि श्रावण मोडला म्हणजे काय होतं ते त्यांनी प्लेगच्या साली देवापुढं स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं. माझ्या डोळ्यांपुढं आपली जागा होती. त्यांच्या डोळ्यांपुढं त्यांची पोर होती, ते मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. मीही मग मनातल्या मनात देवाला म्हणायला लागलो, बाबा, चव येऊ दे.

रस्सा उकळला. तुपाची फोडणी पडली आणि वास सुटला. वस्तादांनी वाटीत घेतला, फुंकला, चाखला. ठेचलेली आठळी जिभेवर घोळवली. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते, चहावाला सुद्धा.

वस्तादांनी घास सावकाश गिळला. मग वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "त्योच हाय."

एवढं बोलून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा मोठा गडी, ओट्यावर बसून हमसून हमसून रडला. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि धुराला बोल लावला. मी तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिलो, कारण माझंही काही खरं नव्हतं. चाचा मोठ्यानं म्हणाले की आता आम्हालाही चाखवा, बघू आमचं पोट कशानं मारलं ते. त्यांनी वाटी रिकामी केली, ओठ चाटले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "हे असंच चाललं तर माझं दुकान बंद हुईल की."

तेव्हा जे हसू फुटलं ते अजून माझ्या कानात आहे. वस्तादांनी केलेलं ते गाडगं तिथंच संपलं. प्रत्येकाला वस्तादांच्या हातचा रस्सा हवा होता.

मालक दुसऱ्या दिवशी सकाळी आले खरे, पण जेवायला. चहावाल्याला त्यांनी दुसरी जागा बघायला सांगितली होती. निज श्रावण लागला तोवर शाहूवाडीहून आणखी पोती मागवावी लागली. श्रावण पाळणारे येत, न पाळणारे येत, नुसते ओट्यावर काय झालं ते ऐकायला येणारेही जेवून जात. मटणाच्या खानावळीला श्रावणात गिऱ्हाईक आवरेना. टांगलेल्या भांड्यांकडं आणि कोपऱ्यातल्या हंड्याकडं मी आता जरा मवाळपणे बघू लागलो. बायको मात्र पुन्हा पडद्याआड गेली होती. मी तसं तिला म्हटलं नव्हतं, तीही काही बोलली नव्हती, आपोआप जुनं सुरू झालं. वाटी पडद्याआडून यायची, मी वाढायचो.

श्रावण सरत आला होता. दुपारची पंगत बसलेली, बाहेर झड लागलेली. वस्ताद भिजत आले आणि रोजच्या जागी बसले नाहीत. माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ पडद्यापाशी जाऊन उभे राहिले.

"पोरी," ते पडद्याला म्हणाले, "नात झाली. दोघी बी खुशाल हायत."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. पंगतीतून कुणी तरी वस्तादांचं नाव घेऊन पेढे मागितले. पण वस्ताद तिथंच उभे. काही तरी सांगायचं होतं आणि जमत नव्हतं. शेवटी म्हणाले, "नातीला गुंडाळायला कापड पायजे. माहेरचं जुनं, मऊ. घरात बाईमाणूस न्हाय. आता जुनं लुगडं म्या कुटनं आणू?"

बायकोनं आत काही शोधलं नाही. पडद्याच्या वरच्या दोन्ही कडा तिनं खिळ्यांवरून काढल्या, पडदा झटकला, चारपदरी घडी घातली आणि वस्तादांच्या हातात दिला. ती दारात उभी होती, चुलीच्या उजेडात, आणि सगळी पंगत तिच्याकडं बघत होती. मी म्हणालो, अगं, मग दाराला काय लावायचं?

"काय कशाला लावायचं?" ती म्हणाली.

वस्तादांनी ती घडी सदऱ्याच्या आत छातीशी धरली, वरून घोंगडं घेतलं आणि पावसातून बावड्याच्या वाटेला लागले. मी दारात उभा राहून ते वळणाआड जाईपर्यंत बघत होतो. काही तरी बोलायचं मनात होतं, रागावायचंही असेल, पण त्या वेळी मला इतकं हलकं वाटत होतं की राग सापडेना. मागं वळलो तर बायको रश्श्याचं गाडगं घेऊन पंगतीत आली होती, आणि एका गाडीवानाला विचारत होती, "पावणं, भाकरी आणखी वाढू काय?"